खालून पहिला खण

९ नोव्हेंबर, रविवार

काय गं विसरभोळे, काल अर्धा तास तुझ्याशी बोलले ते कुठे टाकलंस? सगळं गिळून बसलीस! स्वरूपा म्हणते, "आजी, शेवटी ठेवायचं बटण दाबलंच नाहीस तू." म्हणजे विसरलीस तू आणि बोलणी खाल्ली मी. माझं वय एकाहत्तर, तुझं वय तीन दिवस. आणि विसरतेस तू!

पुन्हा सांगते. मन लावून ऐक.

स्वरूपा माझी नात. तिनं फोनमध्ये ही डायरी, म्हणजे तुला, उघडून दिलं. मी बोलायचं, तू लिहायचं. म्हणाली, "हातानं लिहिताना तुझी बोटं दुखतात ना, म्हणून." बोटं दुखतात! चाळीस वर्षं या बोटांनी भाकऱ्या थापल्या, कधी कुरकुरली नाहीत. पण तिला मीच तसं सांगितलंय. खरं काय ते फक्त तुला सांगते. तू कुणाला वाचून दाखवत नाहीस, आणि मला तर तू वाचताच येत नाहीस.

मला अक्षर येत नाही. एकही नाही. घरात कुणाला ठाऊक नाही. सगळ्यांना वाटतं, आजी चौथी शिकलीय.

झालं सांगून. आता कामाचं.

आमचा डब्यांचा धंदा. दापोडीतून रोज एकशे बेचाळीस डबे खंडूच्या टेम्पोत चढतात आणि भोसरी-मोशीवरून चाकणच्या कंपन्यांत जातात. कुणाला काय चालतं, काय चालत नाही, हे पूर्वी सगळं माझ्या डोक्यात. लोक म्हणायचे, अंबूबाईचं डोकं म्हणजे वही! अगं, वहीत लिहिता येत नाही म्हणून तर डोक्यात. पण माझा मुलगा ज्योतीराम म्हणाला, आता कॉम्प्युटरवर घेऊ. स्वरूपा त्याची मुलगी, हिंजवडीला असलीच कामं करते. तिनं आमच्यापुरतं करून दिलं. म्हणते, याचा सांगाडा तयार मिळतो. त्यात मालकासाठी एक आतली खोली असते, तिला ॲडमिन म्हणायचं. तिथे गिऱ्हाइकाचा फॉर्म. मी खणावर बोट ठेवायचं, माइक दाबायचा, बोलायचं — अक्षरं आपोआप पडतात. मग स्वयंपाकघरातल्या बारक्या मशिनीतून चिठ्ठी निघते, ती बघून आमच्याकडे कामाला असलेली कस्तुरा डबा भरते.

खण म्हणते मी. स्वरूपा फील्ड म्हणते. फील्ड म्हणजे पोरं क्रिकेट खेळतात ते. सहा होते, मी मोजून ठेवले होते. पहिला नाव. दुसरा आडनाव. तिसरा ईमेल. चौथा कंपनी. पाचवा 'जास्त द्या'. सहावा, सगळ्यात खाली, 'देऊ नका'.

तिसऱ्यानं फार छळलं. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जायचाच नाही. मी त्यात म्हणायची, "नाही." की झाला लाल! "अरे बाबा, नाही त्याच्याकडे." अजून लाल! आज स्वरूपाला टोचून बोलले, "डबा खायला ईमेल कशाला लागतो गं? आमटी त्यावरून पाठवायची का?"

ती हसायला लागली. "आजी, ते मी नाही टाकलं. ते आईकडून आलंय."

"तुझ्या आईनं कधी केलं हे?"

"तसं नाही गं! एक मूळ फॉर्म असतो, तो आई. आपला डब्याचा फॉर्म तिची मुलगी. आईचे खण मुलीला न मागता मिळतात. नको असतील तर मुलीत लपवायचे, नाहीतर नाव बदलायचं, जागा बदलायची. आईला हात लावायचा नाही."

म्हटलं, "असं सोपं असेल तर तुझ्या बापाच्या तोंडावरचं माझं नाक लपव की आधी."

तासाभरात करून दिलं पोरीनं. आडनाव, ईमेल गायब! मोठ्या हौसेनं म्हणाली, "खालचा क्रम पण बदललाय आजी, सगळं नीट वाचून घे हं." मी चष्मा नाकावर चढवला, थोडा वेळ बघितलं, मान डोलावली. "वाचलं. झकास."

११ नोव्हेंबर, मंगळवार

नवीन गिऱ्हाईक. उद्धवराव, उदगीरकडचे, चाकणच्या एका कंपनीत, पत्रे दाबतात त्या प्रेस शॉपला सुपरवायझर. एकटेच राहतात. गुरुवारपासून डबा. फोनवर तीनदा सांगितलं, "मावशी, शेंगदाण्याचा कणसुद्धा चालत नाही, घसा सुजतो. तेवढं सांभाळा." म्हटलं, "दादा, चाळीस वर्षं लोकांची पोटंच सांभाळतेय."

फॉर्म मीच भरला. वरचे दोन खण गेलेत, वरून मोजलं तर घोटाळा. म्हणून खालून मोजलं. खालून पहिला — देऊ नका. "शेंगदाणे" म्हटलं. पडलं. लाल झालं नाही! आहे की नाही हुशार?

१२ नोव्हेंबर, बुधवार

कस्तुरा चिठ्ठ्या वाचत होती. पन्नाशीला आली तेव्हा पोरीच्या पुस्तकावरून शिकली ती. बोट ठेवून एकेक अक्षर लावते — सा... र्थ... क. मी म्हटलं, "कस्तुरे, तुझं वाचून होईतो सार्थक रिटायर होईल." सगळ्या हसल्या. तीही हसली. मग परत पहिल्यापासून वाचलं तिनं, खात्री करायला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आवाज नीट पडतोय का गं?

उद्धवरावांना दवाखान्यात नेलं. दुपारच्या सुट्टीत जेवायला बसले, आमटीचे तीन-चार घास खाल्ले, आणि ओठ सुजले, श्वास घेता येईना. कंपनीच्या डॉक्टरनं तिथेच इंजेक्शन दिलं म्हणून बरं. आता चाकणला दवाखान्यात आहेत. धोका टळला म्हणतात.

खंडू डबा परत घेऊन आला. आमटीत दाण्याचं कूट! तेही मूठभर जास्तच. ज्यांना दाणे चालत नाहीत त्यांचं बिनकुटाचं पातेलं आमच्याकडे वेगळं असतं, त्यातली आमटी नव्हतीच ती. कस्तुरा रडत होती. "चिठ्ठीवर होतं — जास्त द्या, शेंगदाणे. मला वाटलं आवडत असतील बिचाऱ्याला, म्हणून मुद्दाम वरून घातलं." चिठ्ठी कुठाय? ती रोजच्यासारखी खरकट्यात गेलेली.

घरातले सगळे दवाखान्याला फोन लावत होते. मी एक कोरा फॉर्म उघडला आणि खंडूला म्हटलं, "चष्मा आत राहिला रे. या खणांची नावं वाच बरं वरून खाली."

"नाव. कंपनी. देऊ नका — हे लाल अक्षरात आहे आजी. आणि शेवटी, जास्त द्या."

"शेवटी कुठलं म्हणालास?"

"जास्त द्या."

महत्त्वाचं म्हणून पोरीनं 'देऊ नका' वर नेलं होतं. लाल केलं होतं. वाचून घे म्हणाली होती.

खंडू गेल्यावर उद्धवरावांचा फॉर्म उघडला. यादीत सगळ्यात वर, सगळ्यात नवा. खालच्या खणातलं पुसलं. वरच्यात बोट ठेवून हळूच म्हटलं, "शेंगदाणे." चूक दुरुस्त करतेय, असं मनाला सांगत होते. पण दुरुस्ती करताना कुणी दार लावून घेतं का गं?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ज्योतीरामनं उद्धवरावांचा फॉर्म छापून काढला आणि कस्तुरासमोर धरला. "हे काय लिहिलंय? देऊ नका, शेंगदाणे. आणि तू काय वाचलंस?"

"काल असं नव्हतं, दादा. काल जास्त द्या होतं. मी दोनदा वाचलं."

"तुला वाचता येत असतं तर ना, कस्तुराबाई! माणूस मेला असता."

ती माझ्याकडे वळली. "अक्का, तुम्ही सांगा की. तुम्ही शिकलेल्या. रोज तुमच्यासमोर वाचते ना मी?"

मी ताटली पुसत होते. पुसलेलीच होती ती. तरी पुसत राहिले.

तिनं खोचलेला पदर सोडला. विळी जागेवर ठेवली. चपला घातल्या. दारात थांबून म्हणाली, "मला वाचता येतं." बस. ज्योतीरामला नाही, मला म्हणाली.

बारा वर्षं होती आमच्याकडे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

चिठ्ठ्या आता स्वयंपाकघरातली दुसरी बाई, छबूबाई वाचते. भरभर वाचते. दोनदा नाही वाचत.

१६ नोव्हेंबर, रविवार

स्वरूपा घरी होती. जेवताना म्हणाली, "पप्पा, चूक माझी असेल. मी क्रम बदलला. आजीनं जुन्या सवयीनं भरलं असेल तर?"

ज्योतीराम म्हणाला, "आजी वाचून भरते. आणि फॉर्ममध्ये बरोबरच आहे, बघितलंय मी."

ती माझ्याकडे वळली. "आजी, वाचून भरलं होतंस ना?"

"मग काय, डोळे मिटून भरते?" किती पटकन आलं तोंडातून! इतक्या वर्षांची सवय, विचारसुद्धा करावा लागत नाही.

मग ती भात कालवता कालवता म्हणाली, "बघता येतं तसं. आतल्या खोलीत प्रत्येक फॉर्मचा इतिहास राहतो. कुणी, किती वाजता, कुठला खण बदलला."

मी कालवलेला भात पुन्हा कालवायला घेतला.

"आजीवर पोलीस लावतेस का आता?" ज्योतीराम म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. पाणी प्यायले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

उद्धवराव खोलीवर परत आले. फोन केला त्यांना. म्हणाले, "मावशी, तुमचा काय दोष? डबा भरणाऱ्या बाईला वाचता येत नव्हतं म्हणे." चाकणपर्यंत पोचलं! मी म्हटलं, "काळजी घ्या."

काळजी घ्या म्हटलं गं मी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज तुला मुळापासून सांगते, म्हणजे एकदाचं होऊन जाईल.

मी एकोणीसची. खटावकडचं आमचं गाव. स्थळ आलं — मुलगा दापोडीला, कंपनीत कायम. त्यांना शिकलेली मुलगी हवी होती. मधल्या माणसानं माझ्या वडलांना विचारलंच नाही, परस्पर सांगून टाकलं, चौथी झालीय. बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी घरातल्याच पुस्तकातला धडा वाचायला सांगितला. माझा धाकटा भाऊ तोच धडा रोज ओरडून पाठ करायचा, माझाही झाला होता. पुस्तक हातात धरलं आणि घडाघडा म्हटला. पान उलटायला विसरले नाही! सासरे खूष. आई दाराआडून बघत होती, तिनं डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, आनंदानं.

मग काय, एक झाकायला दुसरं. सही शिकले, ती चित्र काढल्यासारखी काढते. बसचे नंबर रंगावरून, माणसांवरून. औषधाच्या बाटल्या झाकणावरून. सकाळी पेपर उघडून बसायची, यजमान शेजारी बसून मोठ्यानं वाचायचे, मी मध्येमध्ये 'हो, वाचलं मी' म्हणायची. ते गेले त्याला पंधरा वर्षं झाली. पेपर तेव्हाच बंद करायला हवा होता. नाही केला. पंधरा वर्षं रोज फोटो बघते मी. एकदा उलटा धरला होता. स्वरूपा लहान होती, म्हणाली, "आजी, पेपर उलटा!" म्हटलं, "तुझी परीक्षा बघत होते."

सगळ्यांना गंमत वाटायची. मलाही वाटायची, खोटं कशाला बोलू. कुणाचं काय जातंय, असं वाटायचं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आपणहून सांगितलं असतं तर तुझ्यापुढे तरी मान वर झाली असती. तेवढंही नाही. सापडले.

स्वरूपा कामावरून आली, चहासुद्धा घेतला नाही. माझ्याजवळ खाली बसली. "आजी, मी इतिहास बघितला. गुरुवारी चार वाजून दहा मिनिटांनी तुझ्या नावानं दोन खण बदललेत. उद्धवरावांचे."

मी मांडीवरचा पदर सारखा केला.

"चुकून खालच्यात भरलं होतंस ना? होतं असं. पण लाल अक्षरात लिहिलेलं तुला..." बोलता बोलता थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मग फोन माझ्यासमोर धरला. "आजी, हे वाच."

मी चष्मा शोधायला लागले. चष्मा डोळ्यावरच होता.

सांगितलं मग. पोर रडली. माझ्यासाठी रडली, हे जास्त लागलं. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मी खण लपवले, क्रम बदलला, रंग दिला. समोरच्याला वाचता येतं हे धरूनच चालले गं मी." म्हटलं, "तू एकटीच नाहीस. पन्नास वर्षं सगळ्यांना मीच तसं धरायला लावलंय."

तिनं तिथेच फॉर्म उघडून 'देऊ नका'ला मोठी फुली लावली, 'जास्त द्या'ला पळीचं चित्र. बोट ठेवलं की खण स्वतःचं नाव मोठ्यानं सांगतो. "हा नावाचा खण अजून आईकडचाच आहे बघ, पण आपल्या फॉर्ममध्ये त्याला माणसाचं तोंड लावता येतं." दहा मिनिटांचं काम! दहा मिनिटांचं काम होतं ते, आणि मी कधी मागितलं नाही.

ज्योतीरामला सांगितलं. त्यानं उठून दार लावून घेतलं. मग म्हणाला, "घरातलं घरात राहू दे. कस्तुराला परत बोलवू. म्हणू, झालं गेलं, माफ केलं तुला."

माफ केलं! आम्ही! तिला!

"आणि बाहेर कळलं ना आई, अंबूबाईला अक्षर येत नाही, तर उद्या कोण विश्वासानं डबा घेईल आपला?"

मी मान डोलावली. त्या रविवारी नवा फॉर्म बघून डोलावली होती तशीच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पूल ओलांडून चालत सांगवीला गेले. कस्तुराची एक खोली, बाहेर मोरी. तिनं पाणी दिलं, चहा टाकला. मी येताना सगळं जुळवून ठेवलं होतं, ज्योतीरामनं सांगितलं तसं. तिचं तोंड बघितलं आणि निघालं ते भलतंच. "कस्तुरे, तू बरोबर वाचलं होतंस. मी चुकीच्या खणात बोलले. मग कुणी बघायच्या आत बदललं. मला वाचता येत नाही."

तिला आधी कळलंच नाही. "चष्मा नव्हता का?"

"अक्षरच येत नाही. कधीच येत नव्हतं."

चहा उतू गेला. तिनं गॅस बंद केला. पाठमोरीच बोलली. "म्हणजे मी वाचताना तुम्ही मला हसायचात, तेव्हा..."

"हो."

"मला वाटायचं, शिकलेली बाई आहे, हसणारच. रात्री घरी येऊन चिठ्ठ्यांसारखी नावं लिहून वाचायची मी, लवकर जमावं म्हणून. तुम्ही हसू नये म्हणून."

उतू गेलेला चहा मी फडक्यानं पुसायला घेतला.

"परत ये," एवढंच म्हटलं शेवटी.

"लोकांना काय सांगणार?"

मी दाराबाहेर मोरीकडे बघितलं. तिनं ओळखलं.

"इथे मी दोन-चार घरी डबे देते म्हटलं होतं, अक्का. सगळ्यांनी नको म्हटलं. एक जण तोंडावर म्हणाली, चाकणला माणूस मारत होतीस ती तूच ना? आता परत आले तर म्हणतील, अंबूबाईनं मोठ्या मनानं पदरात घेतलं. नको मला. काम मिळेल कुठेतरी. मला वाचता येत नाही असं तुमच्या घरात बोललं गेलं, ते तेवढं पुसा."

चहा दिला तिनं तरीही. मी प्यायले. कप विसळायला उठले तर म्हणाली, "राहू द्या."

२२ नोव्हेंबर, शनिवार

ज्योतीरामला विचारलं, सगळ्यांना सांगू का? "अजिबात नाही, आई." बरं म्हटलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सातला गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोलून निरोप टाकला. एकशे त्रेचाळीस माणसं, उद्धवराव धरून. चूक माझी, लपवली मी, अक्षर मला येत नाही, कस्तुराला येतं. ज्योतीरामला विचारलं नाही. तो बोलत नाहीये. नऊपर्यंत अकरा डबे बंद झाले.

मग कस्तुराला फोन लावला. म्हटलं, सांगवीतून पहिला डबा माझा लिहून घे. उद्यापासून. अकरा वाजता, टेम्पो भरताना गल्लीतले सगळे बाहेर असतात, तेव्हाच आमच्या दारात पाठव. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, मेथीची पातळ भाजी, वर एक कांदा फोडून. मीठ बेतानं. भात नको.